दाराजवळचा बसता येईल असा शू-रॅक: आधी बसणाऱ्याचं माप, मग भिंतीचं

ताई, तुमचा प्रश्न थोडक्यात असा. नागपूरच्या बेसा भागात नवा फ्लॅट घेतलाय. मुख्य दारातून आत आलं की उजव्या हाताला ५ फूट १० इंचांची रिकामी भिंत आहे आणि पॅसेजची रुंदी ४ फूट ४ इंच. घरात तुम्ही दोघं, शाळेत जाणारी दोन मुलं आणि गुडघेदुखी असलेल्या सासूबाई. ऑनलाइन एक बेंच आवडलाय: ४ फूट लांब, १६ इंच उंच, १२ इंच खोल, वरचं झाकण उचलून आत चपला ठेवायच्या. तो घ्यावा की सुताराकडून करून घ्यावा, आणि करून घ्यायचा तर मापं कोणती द्यावीत?

तो बेंच घेऊ नका. दिसायला छान असेल, पण १६ इंचांवरून उठताना सासूबाईंना रोज त्रास होईल. शिवाय बाहेरून १२ इंच म्हणजे आतून जेमतेम ११, आणि ९ नंबरचा पुरुषांचा बूट टोकापासून टाचेपर्यंत साडेअकरा-बारा इंच भरतो. तो तिरका ठेवावा लागतो आणि मग एकच बूट दीड बुटाची जागा खातो. झाकणाबद्दल पुढे सांगतो.

तुम्ही भिंत मोजून पाठवलीत, पण दार कोणत्या बाजूला उघडतं ते लिहिलं नाही. सगळं त्यावर अवलंबून आहे. आपल्याकडे मुख्य दाराचं पल्लं बहुतेक साडेतीन फुटी असतं. बिजागऱ्या उजव्या भिंतीकडे असतील तर पूर्ण उघडलेलं पल्लं त्याच भिंतीला समांतर येऊन उभं राहतं आणि तुमच्या ७० इंचांतले ४२ इंच तिथेच संपतात. चौकट कोपऱ्यापासून चार-सहा इंचांवर असते, त्यामुळे १५ इंच खोल बाक तिथे ठेवला की दार अर्धवट उघडून त्यावर आपटणार. सिलिंडर आत घेताना, फ्रिज आणताना, घरात आजारी माणसाला उचलून न्यायची वेळ आली तर ते अर्धवट उघडणारं दार फार महागात पडतं. अशा वेळी दाराच्या पलीकडचे २८ इंचच आपले, त्यात एका माणसाची बैठक करायची आणि कपाट दुसरीकडे न्यायचं. बिजागऱ्या डाव्या बाजूला असतील तर पूर्ण भिंत आपली. पुढचं सगळं मी असं धरून लिहितोय.

मापाची सुरुवात सासूबाईंपासून करा. घरातली प्लास्टिकची खुर्ची घ्या, तिच्यावर त्यांना बसवा, पाय जमिनीला टेकलेले. हाताने खुर्ची न दाबता उठायला सांगा. जमत नसेल तर खाली चादरीची घडी घाला, पुन्हा उठू द्या, मग आणखी एक घडी. ज्या उंचीवरून त्या सहज उठतात ती जमिनीपासून मोजा, त्या बसलेल्या असतानाच, म्हणजे घडी दबून जी खरी उंची उरते ती मिळेल. बहुतेक वेळा हे माप १८ ते १९ इंच येतं. इतरांना १७-१८ पुरतं, पण घरात गुडघे दुखणारं माणूस असेल तर त्याचंच माप धरावं. तरण्या माणसाला एक इंच जास्त उंचीने काही होत नाही. पहिलीतल्या मुलाचे पाय मात्र लोंबकळतील. त्याच्यासाठी बाक खाली आणू नका, घरातला लाकडी पाट बाकाखाली सरकवून ठेवा, त्यावर बसून तो बूट घालेल.

उठण्याची आणखी एक गोष्ट आहे आणि तयार फर्निचरमध्ये ती जवळजवळ कधीच पाहिलेली नसते. तुम्ही स्वतः खुर्चीवरून उठताना पायांकडे लक्ष द्या. उठण्याआधी पाऊल आपोआप गुडघ्याच्या मागे जातं. बाकाची पुढची बाजू जमिनीपर्यंत बंद असेल तर टाच तिथे आपटते, पाऊल मागे जात नाही, आणि मग माणूस भिंतीला धरून, जोर लावून उठतो. म्हणून बाकाखाली ७ इंच मोकळी जागा सोडा. रोजच्या घालायच्या चपला तिथेच राहतील, पोछा आत जाईल, आणि महालक्ष्म्यांच्या जेवणाला पाहुणे आले की त्यांच्या चपलांनाही तेवढाच आसरा होईल. बाकाच्या एका टोकाला धरायला काहीतरी असावं. शेजारी उंच कपाट येणार असेल तर त्याच्या कडेला, बसण्याच्या पातळीपासून ८-९ इंच वर, एक जाड लाकडी मूठ उभी बसवून घ्या. चकचकीत स्टीलची नको, घामट हात घसरतो.

आता थर लावू. जमिनीपासून ७ इंच मोकळे. त्यावर १८ मिमीचा प्लाय, म्हणजे पाऊण इंच. मग साडेसात इंचांचा कप्पा, परत पाऊण इंच प्लाय आणि त्यावर २ इंचांची गादी. बेरीज १८. ४० डेन्सिटीचा फोम बसल्यावर अर्धा-पाऊण इंच दबतो. तेव्हा सासूबाईंचं माप १८ आलं असेल तर हा अर्धा-पाऊण इंच खालच्या मोकळ्या जागेत वाढवा. सुताराला नुसतं ‘१८ इंच उंच’ म्हणून सांगाल तर तो प्लायची वरची बाजू १८ वर ठेवेल आणि गादीनंतर बाक २० चा होईल. ‘गादीसकट, बसल्यावर १८’ असं कागदावर लिहून द्या.

खोली १५ इंच ठेवा. पुढचं शटर आणि मागचा ६ मिमी प्लाय वजा जाता आतून जवळपास १४ मिळतात, मोठ्यांचा कुठलाही बूट सरळ राहतो. पॅसेज ५२ इंचांचा आहे, त्यातून १५ गेले की ३७ उरतात. ३६ च्या खाली मी कधी जात नाही. समोरासमोर दोन माणसं आली तर एकाला अंग चोरावं लागतं, दोन्ही हातांत पिशव्या असतील तर भिंतीला घासतात. १५ चं दुसरं कारण पैशांचं आहे. प्लायची शीट ८ बाय ४ फुटांची, म्हणजे ४८ इंच रुंद. १५ इंचांच्या तीन पट्ट्या तिच्यातून आरामात निघतात. १६ मागाल तर हिशेबाने तीन वाटतात, पण करवतीचं पातं प्रत्येक कापाला तीन-चार मिमी खातं, त्यामुळे तिसरी पट्टी कमी पडते आणि दोनच निघतात. एका इंचासाठी एक तृतीयांश शीट जवळजवळ वाया.

लांबीत एका माणसाला बसायला १८ ते २० इंच लागतात. दोघं एकाच वेळी बसणार, सकाळी शाळेच्या गडबडीत मुलं बसतीलच, म्हणून ४० ते ४२ इंच. मध्ये एक उभी फळी द्यायलाच हवी. ४२ इंचांवर १८ मिमीचा प्लाय मध्ये आधाराशिवाय ठेवला आणि त्यावर दोन मोठी माणसं बसली की एक-दोन वर्षांत मधोमध झोळ पडतो आणि खालची ड्रॉवर अडकायला लागतात.

आता जोड्या मोजू. पुरुषांच्या बुटांच्या जोडीला ९ इंच रुंदी लागते, बायकांच्या चपला-सँडलना साडेसात, मुलांच्या बुटांना साडेसहा. ४२ इंचांच्या बाकात मधली फळी धरून दोन कप्पे, प्रत्येकी साधारण २० इंचांचे. म्हणजे आत चार जोड्या, फार तर पाच. खाली मोकळ्यात आणखी पाच. पाच माणसांचं घर, माणशी चार जोड्या धरल्या तरी वीस. बेंच घेतला की चपलांचा प्रश्न मिटतो असं धरून चालणाऱ्यांची इथेच निराशा होते. बाक बसण्यासाठी, आणि साठवण उभ्या कपाटात.

७० मधून ४२ गेले, २८ राहिले. त्यात २४ इंचांचं कपाट घ्या आणि राहिलेले ४ इंच दाराच्या चौकटीकडे सोडा. तिथे स्विचबोर्ड येतो, तोरणाचा हूक येतो, चौकट पुसायला हात जातो. कपाट आतून साडेबावीस इंच. पुरुषांच्या दोन जोड्या किंवा सँडलच्या तीन एका फळीवर. फळ्यांमध्ये अंतर: चपलांना ५ इंच, बुटांना साडेसहा, आणि एक कप्पा १४ इंचांचा, पावसाळी गमबूट आणि लांब छत्रीच्या पिशवीसाठी. फळ्या ठोकून पक्क्या करू नका, बाजूला भोकं पाडून पिना लावायला सांगा. मुलांचे पाय दर वर्षी वाढतात, अंतरं बदलावी लागतात.

नागपुरात हेल्मेटचा विचार न करता दाराजवळचं फर्निचर करणं म्हणजे काम अर्धं सोडणं. पूर्ण चेहऱ्याचं हेल्मेट साधारण १० इंच रुंद, तेवढंच उंच आणि १३-१४ इंच लांब असतं. तुमच्या कपाटात छातीच्या उंचीवर १२ इंच उंचीचा एक कप्पा ठेवला की दोन हेल्मेटं शेजारी शेजारी बसतात. त्याला शटर लावू नका. मे महिन्यात आतलं अस्तर घामाने ओलं झालेलं असतं, बंद कप्प्यात रात्रभरात वास धरतं. त्याच्यावर उथळ कप्पा रुमाल, दुपट्टे, टोप्या आणि गॉगल्ससाठी. उन्हात निघताना जे लागतं ते सगळं एका हाताच्या अंतरावर असलं पाहिजे, नाहीतर माणूस तसाच निघतो.

बाकाच्या वर हूक लावायचे असतील तर डोकं आठवा. १८ इंचांवर बसलेल्या मोठ्या माणसाचं डोकं जमिनीपासून सुमारे ५४ इंचांवर येतं. हूक ६२ ते ६४ इंचांवर घ्या, आणि शक्यतो बसायच्या जागेच्या बरोबर मागे नको, एका बाजूला सरकवून. नाहीतर लटकलेल्या बॅगा मानेला टोचतात. मुलांसाठी ४० इंचांवर दोन हूक वेगळे. ते हाताशी आले की दप्तर सोफ्यावर पडत नाही, हे मी बऱ्याच घरांत पाहिलंय. देवाची तसबीर किंवा गणपती दारावर असेल तर चपलांचं कपाट त्याच्या खाली येत नाही ना, एवढं घरातल्या मोठ्यांना आधीच विचारून घ्या. काम झाल्यावर हा विषय निघतो आणि मग सगळंच हलवावं लागतं.

झाकण उचलायच्या बाकाबद्दल माझं मत स्पष्ट आहे: रोजच्या चपलांसाठी नको. चप्पल काढायला उठावं लागतं, गादी बाजूला करावी लागते, झाकण धरून वाकावं लागतं. दोन दिवस सगळे नीट ठेवतात, तिसऱ्या दिवशी चपला बाहेर. शिवाय लहान मुलांची बोटं. रेनकोट, थंडीतले मफलर, वर्षातून चार वेळा लागणाऱ्या वस्तू यांना झाकण चालतं, तेही झाकण वर धरून ठेवणारा गॅस पंप लावून. तुमच्या बाकात टेलिस्कोपिक चॅनेलवरची, म्हणजे सरकत्या पट्ट्यांवर पूर्ण बाहेर येणारी दोन ड्रॉवर घ्या. चॅनेलला दोन्ही बाजूंना मिळून एक इंच जातो, तो जोड्यांच्या हिशेबात धरा. ड्रॉवर पूर्ण उघडल्यावर पुढे १३-१४ इंच येईल, समोर मग २३ उरतात, बाजूने जाता येतं.

करायला देण्याआधी एक काम करा. जुनी वर्तमानपत्रं जमिनीवर १५ बाय ४२ आणि १५ बाय २४ अशी चिकटपट्टीने लावा आणि त्याच्या जागी एक खुर्ची ठेवून शनिवार-रविवार घालवा. खुर्चीत बसून लेस बांधताना गुडघे आणि डोकं किती पुढे येतं ते बघा, साधारण दोन फूट. त्या वेळी बाजूने कोणी जाऊ शकतं का? तुमच्या पॅसेजमध्ये कष्टाने जाईल. म्हणून बाक आतल्या टोकाला आणि कपाट दाराकडे ठेवा, म्हणजे दारातून येणाऱ्याला बसलेल्या माणसाचे पाय लगेच आडवे येत नाहीत.

भिंतीचं माप तीन ठिकाणी घ्या: जमिनीलगत, १८ इंचांवर आणि साडेसहा फुटांवर. नव्या फ्लॅटमध्ये प्लास्टर सरळ दिसतं, पण वर-खाली अर्ध्या इंचाचा फरक सहज निघतो. सगळ्यात लहान माप खरं धरा आणि त्यातून आणखी ४ सूत, म्हणजे अर्धा इंच कमी करा. स्कर्टिंगची टाइल भिंतीच्या पुढे ३-४ सूत आलेली असते, ती विसरलात तर कपाट वरून भिंतीपासून सुटं राहतं आणि मागे झुरळांची वस्ती होते. सुताराला मागच्या बाजूला खाच काढायला सांगा. कोपरा काटकोनात आहे का ते पाहायला कोपऱ्यापासून एका भिंतीवर ३ फूट, दुसरीवर ४ फूट खूण करा, दोन खुणांमधलं अंतर बरोबर ५ फूट यायला हवं. वीजमंडळाच्या मीटरनंतरचा एमसीबीचा डबा या भिंतीवर असेल तर तो कपाटाच्या आत कोंडू नका.

साहित्याकडे येऊ. तयार बेंच बहुतेक पार्टिकल बोर्ड किंवा एमडीएफचे असतात, वरून छापील कागदी थर. पाण्याशी त्यांचं जमत नाही. पोछ्याचं पाणी, पावसात भिजलेले बूट, आणि आपल्याकडे उन्हाळाभर चालणाऱ्या कूलरची दमट हवा. कूलर हॉलमध्ये असेल तर पॅसेजमधल्या कपाटाच्या कडाही फुगतात. करून घेताना बाकाचा तळ आणि खालच्या फळ्या आयएस ७१० च्या, म्हणजे मरीन प्लायच्या, बाकी आयएस ३०३ मधल्या बीडब्ल्यूआर (पाण्याला टिकणाऱ्या) ग्रेडच्या चालतील. शीटवर आयएसआयचा शिक्का आणि हा आकडा छापलेला असतो, दुकानात उभं राहून वाचा. आतूनही सनमायका लावा. उघड्या प्लायमध्ये घामाचा आणि ओल्या चामड्याचा वास मुरला की तो जात नाही. पाय प्लायचे नकोत, खाली फिरवून उंची बदलता येणारे पीव्हीसीचे किंवा धातूचे घ्या. दाराजवळची फरशी थोडी उताराची असते, ती अडचणही सुटते आणि लाकूड जमिनीला न टेकल्यामुळे वाळवीला सरळ वाट मिळत नाही. तळमजल्यावर असाल तर भिंतीकडच्या बाजूला वाळवीचं औषध मारून मगच कपाट लावा.

बसायची फळी सागवानाची हवी असं तुम्ही लिहिलंय. जरूर करा, विदर्भात राहून साग वापरायचा नाही तर कुठे. चंद्रपूर-गडचिरोलीचा माल लकडगंजात मिळतो. फक्त वाळलेला घ्या आणि एक लक्षात ठेवा: एप्रिल-मेच्या दुपारी इथली हवा २० टक्के आर्द्रतेच्याही खाली जाते, ऑगस्टमध्ये ८० च्या वर. १५ इंच रुंद अखंड सागाची फळी या दोन टोकांमध्ये रुंदीत काही मिमी आकसते आणि फुगते. ती फेविकॉल लावून चारही बाजूंनी स्क्रूने जखडली तर उन्हाळ्यात चिरते. पुढच्या बाजूचे स्क्रू घट्ट, मागच्या बाजूचे लांबट भोकांत, म्हणजे फळीला हलायला जागा राहते. ज्या सुताराला हे सांगावं लागत नाही त्याला काम द्या. सागाची एक इंच जाड फळी वरच्या प्लायवर बसवलीत तर गादी एक इंचाची करा, उंचीचा हिशेब बिघडणार नाही. गादीला चेनवालं सुती कव्हर, रेग्झिन नको. उन्हाळ्यात चिकटतं आणि दार पश्चिमेला असेल तर उन्हाने पापुद्रे निघतात.

कपाटाची शटर जाळीची किंवा पट्ट्या-पट्ट्यांची करा, मागच्या प्लायला वर आणि खाली भोकं. भिजलेले बूट थेट कपाटात टाकायचे नाहीत, बाकाखाली रात्रभर राहू द्या. आणि जागा कमी पडली म्हणून दाराबाहेर जिन्याच्या पॅसेजमध्ये रॅक ठेवू नका. ती जागा सगळ्यांची आहे आणि आग लागली तर धुरात लोक तिथूनच पळणार आहेत.

या सगळ्याला १८ मिमीच्या अडीच ते तीन शीट आणि मागच्यासाठी ६ मिमीची एक शीट लागेल. कोणी पाच सांगितल्या तर भांडू नका, कटिंगचा नकाशा काढून दाखवायला सांगा.

शेवटचं, पण टाळू नका: साडेसहा-सात फुटांचं १५ इंच खोल कपाट भिंतीला पक्कं बांधा. लहान मूल खालच्या फळीवर पाय देऊन वरचं काढायला चढतंच. नव्या इमारतीत भिंती बहुधा हलक्या एएसी ब्लॉकच्या असतात, त्यात स्क्रूसाठी भोकात ठोकायचे साधे प्लास्टिकचे गट्टू धरत नाहीत, हलवलं की भोकासकट बाहेर येतात. भिंतीवर बोटाने ठोकून पाहा, किंवा बिल्डरला विचारा, आणि ब्लॉकसाठीचे लांब फास्टनर आणा. दाराजवळच्या भिंतीतून बेलची आणि दिव्यांची वायर गेलेली असते, तेव्हा ड्रिल लावण्याआधी स्विचबोर्डाच्या सरळ वर आणि सरळ खाली भोक पाडायचं नाही, असं मिस्त्रीला समोर उभं राहून सांगा.